नजरेसाठी टांगलेला डावा बूट

मित्रांनो, आधीच स्पष्ट सांगतो, मी नजर उतरवायची वस्तू नाही. मी फुटबॉलचा बूट आहे, डाव्या पायाचा, जुना असलो तरी शिवण शाबूत असलेला. हे तोंडानं सांगायची वेळ माझ्यावर यावी, याचाच मला संताप आहे.

कोल्हापुरातल्या एका दुकानात मी आणि माझा उजवा जोडीदार एका खोक्यात राहत होतो. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा नागप्पा तिथे शिकायला आला होता. शिकला कमी, खेळला जास्त. आम्हाला घालून तो एका तालमीच्या फुटबॉल संघात, खालच्या गटात, बचावाला उभा राहिला. वरच्या गटात तो कधी गेला नाही. पेपरात त्याचं नाव आलं नाही. 'इतर खेळाडूंनी चांगली साथ दिली' असं छापायचे, त्यातला 'इतर' म्हणजे आमचा नागप्पा.

पण एकदा गोलकीपर आडवा पडलेला असताना गोलरेषेवरून चेंडू मी बाहेर काढला. त्या दिवशी पोरांनी नागप्पाला खांद्यावर घेतलं. माझा चिखल कुणाच्या तरी नव्या शर्टाला लागला, तरी तो माणूस हसतच होता. एवढा मान मला पुरला असता.

मग गुडघा गेला. नागप्पा गावी परतला, दुकानात बसला, दानम्माशी त्याचं लग्न झालं. आम्ही दोघं नाड्यांनी एकमेकांना बांधलेले, तेलाच्या डब्यांवरच्या खिळ्याला लटकलेले. दिवाळीला दानम्मा आमच्यावरची धूळ झटकायची आणि शेजारणीला सांगायची, "ही ह्यांची पहिली बायको."

एकदा महामार्गाजवळच्या पडीक रानात शाळेच्या मुली चेंडूला लाथा मारताना नागप्पाला दिसल्या. दुकान दानम्मावर सोडून तो लंगडत तिकडे गेला आणि मग रोजच जाऊ लागला. दगड वेचले, बांबूचे गोलपोस्ट उभे केले, चपलेनंच पास द्यायला शिकवलं. सुट्टीत मुलींना दुकानात आणून आम्हाला दाखवायचा, गोलरेषेची गोष्ट सांगायचा. मुलींचा संघ झाला, नागप्पा मॅनेजर झाला. गिऱ्हाईक विचारायचं, "मॅनेजर? कोणत्या बँकेत?"

दानम्मा तराजूवरची नजर न हलवता म्हणायची, "जिथं पगार न्हाई, तिथं."

मुली जिंकू लागल्या तशी मोठी माणसं जमू लागली. पुढाऱ्याचा पुतण्या अमरसिंह संघाचा अध्यक्ष झाला. त्यानं जर्सी दिल्या. पाठीवर नंबर लहान, छातीवर त्याचा फोटो मोठा. संघ बीडला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला, तेव्हा आदल्या दिवशी तो नवीकोरी पिकअप घेऊन दुकानासमोर आला.

"नागप्पा, उद्या पोरी ह्याच गाडीत जातील. अन् मॅनेजर म्हणून आमचा मेव्हणा. त्याच्याकडं सर्टिफिकेट हाय, इंग्रजी बी बोलतो. तू पाण्याचं बघ."

नागप्पा साखरेची पुडी बांधत राहिला. गोलरेषेवरून चेंडू काढणारा माणूस, हा चेंडू मात्र त्यानं समोरून जाऊ दिला.

मग अमरसिंहनं वर पाहिलं. "हा बूट नुसता लटकून हाय न्हवं? गाडीच्या मागं टांगतो, नजर लागायची न्हाई. एकच पुरं."

एकच पुरं! आम्ही काय कांदे आहोत? नागप्पा खाली बघत म्हणाला, "न्या." माझी नाडी सुटली. जोडीदार खिळ्यावर एकटा राहिला आणि मला सुतळीनं पिकअपमागे, लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगलं. तोंडात सगळा धूर.

सकाळी मुली चौकात जमल्या. मेव्हणा गॉगल लावून पुढच्या सीटवर बसलेला. नागप्पा पाण्याचा जार उचलत होता. गोलकीपर शिवकन्या गाडीत चढता चढता थांबली.

"सर, हा तुमचा बूट हाय ना? गोल वाचवलेला?"

"हाय."

"मग इथं कावून?"

नागप्पानं जार खांद्यावर घेतला. शिवकन्यानं पाय खाली घेतला. "आमच्या बाकावर सर न्हाईत, तर गोलात मी न्हाई." तिच्यामागे एकेक करून साऱ्याच उतरल्या.

अमरसिंह ओरडला, "अगं, मॅच बुडंल! जर्सी कुणी दिली तुमाला?"

"धुऊन परत देऊ की, दादा," रुद्राणी नावाची एक बारकी मुलगी म्हणाली.

तेवढ्यात दानम्मा आली. एका हातात दुकानातली कात्री, दुसऱ्यात माझा जोडीदार. तिनं कचकन सुतळी कापली. "दादा, तुमच्या गाडीला काय होत न्हाई. नजर लागली ती आमच्या माणसाला." आणि नवऱ्याकडे वळून, "अहो, काढा त्या चपला. म्यानेजर असा उभा ऱ्हातो व्हय?"

नागप्पा चौकातच खाली बसला. आम्हा दोघांना पायांत चढवून नाड्या त्यानं दोनदा आवळल्या.

संघ एसटीनं गेला. रिकामी पिकअप मागून आली. मेव्हणा सावली शोधून बसला. आम्ही दोघं मैदानाच्या कडेला पूर्ण सामना उभे होतो, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि नागप्पाचा आवाज पार बसला. एका गोलनं हरलो. मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती पेपरातल्या फोटोची. उपविजेत्यांचा करंडक धरून अमरसिंह मधोमध उभा. नागप्पा त्याच्या पाठीमागे झाकला गेलाय. अमरसिंहच्या पायांमधून नीट पाहिलं तर दोन जुने बूट तेवढे दिसतात.

मित्रांनो, जुन्या बुटाला तेल लावा, शिवण उसवली तर चांभाराकडे न्या, जोडी तोडू नका. आणि ज्यानं तुम्हाला पहिला पास द्यायला शिकवलं, त्याला पाण्याच्या जारापाशी ठेवू नका. एवढं जमत नसेल, तर निदान फोटो काढताना जरा बाजूला सरका.