धनेशसाहेबांच्या खिशातली किल्ली

मी किल्ली बोलतेय. तिजोरीची नाही, गाडीची नाही, देवघराची तर नाहीच नाही. रबाळ्याच्या एमआयडीसीत विजेचे पॅनल बनवणारा एक कारखाना आहे. तिथे खाली, जिथे कामगार काम करतात, तिथे बायकांसाठी एकच संडास आहे. त्याच्या कुलपाची मी किल्ली. ऐकून तोंड वाकडं केलंत ना? करा. मला सवय आहे.

जन्माचं फारसं आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा तुर्भ्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी कुलपाच्या कडीला लटकत होते. आम्ही तिघी बहिणी. एक विकत आणल्याच्या आठवड्यातच हरवली. दुसरी मिताली मॅडमच्या टेबलाच्या खणात पडून असते. मॅडम एचआर बघतात, वरच्या मजल्यावर एसीत बसतात, वरची सोय वेगळी आहे. त्यामुळे त्या बहिणीला काही कामच नाही. सगळं माझ्यावर पडलं.

चार वर्षांपूर्वी कुठल्याशा परदेशी ग्राहकाची माणसं कारखाना तपासायला येणार होती. त्यांच्या यादीत 'महिला कामगार किती' असा एक प्रश्न होता. मग काय, आयटीआय झालेल्या तीन मुली घाईघाईने कामावर घेतल्या आणि त्याहून घाईने हा संडास बांधला. दाराला गुलाबी रंग, वर रिबन. आठ मार्चला मोठ्या साहेबांनी नारळ फोडला. संडासापुढे फोडलेला नारळ मी तरी पहिल्यांदाच पाहिला. फोटो निघाले, पण फोटोत दार येणार नाही याची काळजी घेतली होती.

दुसऱ्याच दिवशी दाराला कुलूप लागलं. का, तर 'महिलांच्या सुरक्षेसाठी'. कोणापासून सुरक्षा, ते कोणी सांगितलं नाही. पुरुषांच्या बाजूला चार दारं आहेत, चारही उघडी. म्हणून मला भाऊ नाही.

मला सुपरवायझर धनेशसाहेबांच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलं. कोणी विसरून घरी नेऊ नये म्हणून उनाड गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात तसं एक जुनं बेअरिंग माझ्या गळ्यात बांधलं. चांगलं पाव किलोचं. मला हातात घेऊन बाई निघाली की पन्नास माणसांना कळतं, ही कुठे निघाली.

आणि रजिस्टर! नवीन कोण आणणार? स्टोअरमधून हत्यारं नेतात त्याचंच एक कोरं रजिस्टर माझ्या शेजारी ठेवलं. त्यात रकाने छापलेले होते: नाव, वस्तू, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, कारण. पान्याला आणि पकडीला जे विचारतात तेच बाईला विचारलं. त्या तिघींतली नमिता पहिल्या दिवशी शेवटचा रकाना सोडून निघाली, तर धनेशसाहेबांनी हाक मारली.

"ओ मॅडम, कारण कोन भरनार?"

नमिताने पेन घेतलं आणि लिहिलं, 'तेच'. मला त्या दिवशी ती फार आवडली. पुढे चार वर्षं त्या रकान्यात खालपर्यंत 'तेच', 'तेच' एवढंच आहे.

बाकीच्या दोघी वर्षभरात सोडून गेल्या. राहिली नमिता एकटी. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली पोरगी, आई गोजराबाई नेरूळच्या बाजारात मासळी विकते. नमिता पॅनलच्या टेस्टिंगला होती. एकदा एक पॅनल ग्राहकाकडून परत आलं, तीन बाप्ये दोन दिवस त्यात डोकं घालून बसले. हिने अर्ध्या तासात न्यूट्रलची सैल वायर काढून दाखवली. त्या तिघांत रूपेश होता. तो म्हणाला, "लक लागला." हिचं डोकं चाललं की नशीब, आणि त्यांचं नाही चाललं तर पॅनल खराब!

धनेशसाहेब वाईट माणूस नाही, खरं सांगते. सानपाड्याचे, दोन चाळींचं भाडं येतं, गणपतीत सगळ्यांना जेवायला बोलावतात. वाईट असते तर एवढा राग आला नसता. नमिता दाराशी आली की हसून विचारायचे, "परत? आताच तं गेली व्हतीस." बाहेर दोघं-तिघं खिदळायचे. नियम असा की आधी रजिस्टरात वेळ लिहायची, मग किल्ली. पण कधी ते मला खिशात टाकून जेवायला निघून जायचे आणि ती बंद दारापुढे उभी राहायची. परत आल्यावर म्हणायचे, "सॉरी गो, ध्यानान नाय रायला. माज्या घरान पन दोन पोरी हायत."

मग नमिताने पाणी पिणंच सोडलं. बाटली भरून आणायची आणि तशीच घरी न्यायची. एकदा संडासात मी तिच्या हातात असताना तिने आईला फोन लावला. पोटात दुखत होतं, रडत होती. पलीकडून गोजराबाईचा आवाज आला.

"पानी कमी पी, बाय. मी चालीस वरसा बाजारान बसतंय, दुपारपरत घोट घेत नाय."

"आई, तू रस्त्याव बसतंस. मी कंपनीन हाय."

"मंग काय फरक परला?"

नमिताने फोन बंद केला, डोळे पुसले आणि मला परत खिळ्याला लावायला निघाली.

पावसाळा संपता संपता तिला थंडी वाजून ताप भरला. लघवीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. चार दिवस नेरूळच्या दवाखान्यात सलाइन. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दिवसाला तीन लिटर पाणी, आणि लागली की रोखायची नाही. कामावर आल्यावर ती आज्ञाधारकपणे पाणी पिऊ लागली आणि मला न्यायला वारंवार येऊ लागली. खिदळणाऱ्यांकडे बघायची नाही. रजिस्टरची पानं भराभर भरू लागली.

त्याच सुमारास शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली. मिताली मॅडम स्वतः खाली आल्या. "नमिता, अप्लाय कर. आपल्याला फ्लोअरवर वुमन लीडर हवीच आहे. तू झालीस तर पहिली असशील." नमिताचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्या दिवशी तिने 'तेच' सुद्धा टपोऱ्या अक्षरात लिहिलं. आई बाजारातून उठेल, असं ती फोनवर म्हणाली. तिला ती खुर्ची मिरवायला नको होती, आईला घरी बसवायला हवी होती.

मुलाखत झाली डिसेंबरात. टेबलाच्या पलीकडे मोठे साहेब, मिताली मॅडम आणि धनेशसाहेब. मी नेहमीप्रमाणे धनेशसाहेबांच्या खिशात. कामाचे प्रश्न झाले, नमिताने सगळ्यांची चोख उत्तरं दिली. मोठे साहेब मान डोलवत होते. मग धनेशसाहेबांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं.

"कामाला पोरगी नंबर वन, सर. पन जागेव नसते. तीन महिन्यांचा हिसाब काढलाय, एकेचालीस तास. इन्चार्जच जागेव नसला तर शिफ्ट कोन बघनार?"

मोठ्या साहेबांनी पानं उलटली. 'तेच, तेच' वाचून त्यांना हसू आलं. माझा तर संताप झाला. त्याच जागेसाठी अर्ज केलेला रूपेश दिवसातून चार वेळा गेटबाहेर टपरीवर सिगारेट ओढायला जातो, वीस-वीस मिनिटं. त्याचं रजिस्टर कुठाय? गेटला किल्ली नाही, म्हणून नोंद नाही, म्हणून तो कायम जागेवर!

नमिता म्हणाली, "सर, मी आजारी होते, डॉक्टरांचा कागद दिलाय. आणि यातला निम्मा वेळ मी किल्ली शोधत होते. किल्ली साहेबांच्या खिशात असते. आत्तासुद्धा असेल."

धनेशसाहेबांचा हात खिशावर आला, मला घट्ट दाबून धरलं. एक मुलगी खरं बोलली तर माणूस किल्ली दाबतो. नमिताने मिताली मॅडमकडे बघितलं. डॉक्टरांचा कागद त्यांच्याच फाइलमध्ये होता. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि म्हणाल्या, "डेटा तर आहे, सर."

"बगा," धनेशसाहेब म्हणाले, "सिनियरशी असा बोलते. टीम कशी सांबालनार?"

रूपेश इन्चार्ज झाला. नमिताच्या तोंडाला पानं पुसली ती पुढच्या आठ मार्चला, एक गुलाबाचं फूल आणि 'जिद्दी महिला' असं छापलेला कप देऊन. तो कप टेस्टिंगच्या टेबलावर ठेवून ती त्याच महिन्यात गेली. जाताना मला खिळ्याला लावलं, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. कारणाचा रकाना मात्र कोरा ठेवला, आणि या वेळी कोणी हाक मारली नाही.

ती आता कुठे आहे, मला नक्की माहीत नाही. कोणी म्हणतं पनवेलला लागली, कोणी म्हणतं आईशेजारी बाजारात बसते. पहिला महिनाभर पॅनल अडलं की रूपेश तिलाच फोन करायचा. दोनदा तिने सांगितलं. नंतर नंबर लागेना.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सोमवारी कुलूप काढलं. खाली बाईच नाही, तर सुरक्षा कोणाची करायची? आता गुलाबी दार सताड उघडं असतं आणि बाप्ये खुशाल जातात. जे एका मुलीला चार वर्षांत मिळालं नाही, ते त्यांना न मागता मिळालं. मी धनेशसाहेबांच्या खणात, गंजलेल्या स्क्रूंमध्ये पडले आहे.

काल मिताली मॅडम नवी जाहिरात घेऊन आल्या होत्या. 'महिलांनी अवश्य अर्ज करावेत.' तेव्हा, बाई गं, तू येशील. चांगली शिकलेली असशील, हुशार असशील. शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का? तर लाजू नकोस. पगार मग विचार, बढती मग विचार. आधी विचार, संडासाची किल्ली कोणाकडे असते? आणि ते हसले, तर पुन्हा विचार.