पान नसलेल्या फुलाचं कूळ

बोर्निओतल्या किनाबालू डोंगराच्या पायथ्याशी आमच्या जंगलात एक फूल उगवतं. त्याला पान नाही, खोड नाही, मूळही नाही. आयुष्यभर ते रानद्राक्षाच्या वेलीच्या अंगात लपून राहतं, तिचंच खातं, आणि लहर आली की तिची साल फोडून उमलतं. अशा फुकट्याचं कूळ कोणतं, या एका प्रश्नापायी कक रुफिनाने अख्खी हयात घातली. कक म्हणजे थोरली बहीण. आमच्या संशोधन केंद्रात सगळेच तिला तसं म्हणतात. बिया चिरून, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तिने ठरवलं होतं की हे एरंडाच्या कुळातलं. तिचं पुस्तक छापायला निघालं, आणि नेमका तेव्हाच मी केलेल्या जनुकांच्या चाचणीचा निकाल हाती आला. फूल द्राक्षाच्या कुळातलं!

"पुस्तक थांबव, मार्टिनस," कक म्हणाली. "माझं चुकलं."

मला भडभडून आलं. ती मात्र काळी कॉफी घेऊन खिडकीशी बसली आणि थोड्या वेळाने एकदम वळली. "काय रे, तू तपासलंस कोणाला? चोराला की घरमालकिणीला?"

"नमुना स्वच्छ होता, कक! वेलीचा कणही नव्हता त्यात. मी काय काल कामाला लागलोय?"

"चिडतोस कशाला? एकाच जनुकावर काय भरवसा! आणखी घे. वेलीचीही घे."

घेतली. फुलाची बाकीची बहुतेक जनुकं सरळ एरंडाकडे गेली. ककचं खरं होतं! पण माझा नमुनाही स्वच्छच होता. ते एक जनुक खरोखर फुलाच्या अंगातच होतं, आणि ते वेलीचं होतं. एका अंगात राहून राहून फुलाने ते उचललं होतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, दुसरं काय!

आणखी एक जनुक मात्र या वेलीशीही जुळेना. ते जुळलं एका वेगळ्याच वेलीशी, जी समुद्रापलीकडच्या डोंगरांत आहे आणि बोर्निओत आज कुठेही नाही. कधीकाळी हे फूल तिच्या घरी राहिलं होतं. ते घर सुटलं, तिची वस्तू मात्र याच्या अंगात राहिली.

"किती जुनं असेल, कक?"

"माणूस नव्हता रे तेव्हा."

"आता पाठवू ना पुस्तक? जिंकलीस तू."

"थांब जरा."

तिने वंशवृक्षाचं चित्र पुढे ओढलं. त्यात फांद्या फुटतात, पुन्हा कधी मिळत नाहीत. हेच तर तिने आम्हाला जन्मभर शिकवलं. द्राक्षाच्या फांदीवरून तिने एरंडाच्या फांदीवरल्या त्या फुलापर्यंत एक आडवी रेघ ओढली. मग आणखी लांबून, समुद्रापलीकडच्या त्या वेलीपासून, दुसरी.

"अगं, चित्र बिघडलं की!"

"बिघडू दे." तिने फुलाच्या नावावर बोट ठेवलं. "इतकी वर्षं याला एकच विचारत बसले, तू कोणाचं? कोणाकोणाकडे राहून आलंस बाबा, हे विचारायचं सुचलंच नाही मला."