बिनआवाजाची गाडी

राघोला टेम्पोनं उडवलं, तेव्हा टेम्पोवाला सारखा हॉर्न वाजवत होता, असं पाहणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं. भेस्तानच्या वळणावर भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांनी तर ओरडून हाका मारल्या. राघो आपला सायकलवर मान खाली घालून चालला होता. नशीब थोर, म्हणून खांद्याजवळचं हाड मोडण्यावर निभावलं. सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट.

उषाबाईला त्या हॉर्नचं नवल वाटलं नाही. लग्न करून ती नंदुरबारकडच्या खेड्यातून नवागामच्या खोलीत आली, तेव्हा राघोचे कान इतके तिखट होते, की गल्लीच्या तोंडाशी बोहारीण ओरडली तरी तो आतून सांगायचा, आज वेगळीच बाई आलीय म्हणून. पण त्याचा सगळा जन्म भेस्तानला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात गेला. तिथे माणसं ओठांच्या हालचालीवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात, कारण शेजारच्याला हाक मारली तर ती आपल्यालाच ऐकू येत नाही. हळूहळू घरातही तेच झालं. भाकरी वाढू का, हे ती बोटांनी विचारू लागली. पोरीच्या शाळेचं, दिराच्या भांडणाचं, कशाचंही सांगितलं की राघो "हां हां" म्हणायचा. काही न ऐकता म्हटलेला तो "हां हां" उषाबाईला चांगला ओळखता यायचा. मग तिनंच बोलणं कमी केलं. नवरा-बायकोत भांडण नव्हतं, काही नव्हतं, पण बोलायचं राहूनच गेलं होतं.

हाड जोडणाऱ्या डॉक्टरनं कानही तपासले. "गोंगाटात ह्यांना काही कळणार नाही," तो म्हणाला. "शांत जागी, जवळून बोललात, तर बरंच ऐकू येईल."

नवागामात प्रत्येक गल्लीत माग खडखडत होते. शांत जागा आणायची कुठून?

खांदा बरा झाला, पण सायकल तिनं पुन्हा हातात घेऊ दिली नाही. तिचा स्वतःचाही रोजचा खटाटोप होता. रिंग रोडच्या कापड मार्केटातून साड्यांचे गठ्ठे आणायचे, गल्लीतल्या बायकांना लेस आणि टिकल्या लावायला वाटायचे, आणि तयार माल परत पोचवायचा. गठ्ठा पाहिला की शेअर रिक्षावाले तोंड फिरवायचे. तेव्हा एखादी मोपेड घ्यावी, असं घरात ठरलं. कतारगामला हिरे घासणारा पुतण्या वाल्मिक गाड्यांमधला जाणता. त्यानं लगेच निकाल दिला.

"पेट्रोलची मोपेड घ्या, काका. गठ्ठा पुढे राहील. महिन्याभरात हात बसेल तुमचा."

राघोनं त्याच्या ओठांकडे बघत सगळं समजून घेतलं आणि मान हलवली. "मी नही चलावसू. माले हॉर्न ऐकू येत नही." मग त्यानं उषाबाईकडे बोट केलं. "ती चलावी."

वाल्मिकला हसू आलं. उषाबाईला आलं नाही. राघोनं हे आधीच मनाशी ठरवलेलं होतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

तिला गाडी हाकणं अगदीच अनोळखी नव्हतं. माहेरी ती थोरली, भाऊ लहान. बापाला तापानं धरलं त्या साली कापसाची बैलगाडी तिनंच बाजाराला नेली होती. कासरा हातात, मागे कापसाचा ढीग, त्याच्यावर आडवा झालेला बाप. धुळीच्या रस्त्यावर चाकांचा आवाज तो कितीसा! बाप मागून पडल्या पडल्या बोलत राहायचा. कोणत्या शेताला कोणत्या साली वीज पडली, कोणत्या बांधावरून कोणाचं वैर. त्या रस्त्याचं आणि त्या बोलण्याचं तिला सुरतेत कितीदा आठवलं असेल, पण ते सांगायला घरात ऐकणारं कोणी नव्हतं.

वाल्मिकच्या मित्राच्या मोपेडवर, शाळेमागच्या मैदानात ती शिकली. रविवारी सकाळी पोरं क्रिकेट थांबवून बघायची. पदर खोचलेली, चाळिशीकडे झुकलेली बाई गोल गोल फिरते आहे आणि तिची पोरगी सुषमा बाजूनं पळत गुजरातीत सांगते आहे, "मम्मी, ब्रेक! ब्रेक मार!" दोनदा ती पडली. तिसऱ्या रविवारी मात्र ती मैदानाबाहेर पडली आणि गल्लीला वळसा घालून आली.

उधन्याला किरीटभाईंचं गाड्यांचं दुकान होतं. वाल्मिकनं मोपेड काढून ठेवायला सांगितलीच होती. किरीटभाईंनी दोन पायडल मारून ती चालू करून दिली. उषाबाई पुढे, राघो मागे, असे दोघं रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आले. गाडी दमदार होती, बसायलाही ठीक. फाटकाजवळ तिनं मान वळवून विचारलं, "नीट बठेल शेतस ना?"

"हां हां," राघो म्हणाला.

"मी काय विचारं?"

"हां हां."

दुकानात परतल्यावर ती उतरली. वाल्मिक किरीटभाईंशी रंगाचं बोलू लागला. उषाबाईचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे पोपटी रंगाची एक मोपेड उभी होती, सीटवर धूळ, चाकांत हवा कमी. तिला धूर सोडायची नळीच नव्हती.

"ही कसली?"

किरीटभाई जरा ओशाळले. "बॅटरीवर चाले छे, बेन. मद्रास बाजूच्या कोणत्या तरी कंपनीनं पाठवली. आ न लेता, ही घेऊ नका. रात्रभर प्लगला लावायची, तेव्हा दुसऱ्या दिवशी भेस्तान आणि मार्केट करून येईल. पुलावर दमते. उधन्यात कोणत्या मिस्त्रीला हिची दुरुस्ती येत नाही. लोक येतात, बघतात, हसतात अन् जातात."

विकणाऱ्यानंच इतकं सांगितल्यावर गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण उषाबाई म्हणाली, "एक चक्कर मारू?"

हवा भरली, धूळ पुसली. राघो मागे बसला. तिनं मूठ पिळली आणि गाडी निघाली, कोणीतरी मागून हलकेच ढकलावं तशी. इंजिनाची धडधड नाही, हँडलला थरथर नाही. उधन्याचा रस्ता तिनं हजारदा पाहिला होता, पण आज तो तिला ऐकू येत होता. चहाच्या टपरीवर कपबशा वाजल्या. कडेला बाई पोराला रागावत होती, तिचे शब्दही कळले. गाडी फाटकाकडच्या मोकळ्या पट्ट्यात आली, तसे कारखाने मागे पडले. तिनं मान वळवली नाही. सहज, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "फाटक बंद शे का?"

"बंद शे," तिच्या कानाजवळून राघोचा आवाज आला. "मालगाडी येई राहिनी. लांब दिसस."

तिनं गाडी कडेला घेतली. डोळ्यांत पाणी आलं ते तिला त्याला दाखवायचं नव्हतं, म्हणून ती मालगाडीकडे बघत बसली. शेवटचा डबा गेल्यावर राघोच म्हणाला, "तू बोलनी, ते माले ऐकू उनं."

"माले माहीत शे," ती म्हणाली.

वाल्मिकनं डोक्याला हात लावला. काकी, ही गाडी रस्त्यात बंद पडली तर काय करशील, असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला. पायडल मारीन, नाहीतर ढकलत आणीन, उषाबाई म्हणाली. रोज रात्री वीज कुठून आणशील? ते मात्र विचारण्यासारखं होतं, कारण मीटर घरमालकीण चंचलबेनचा. पण तिनं गाडीभोवती एक फेरी मारून ती पाहिली आणि आपल्या ओटीवरचा प्लग दिला. तिची एकच अट होती. सोमवारी तिला महादेवाच्या देवळात सोडायचं.

अशी ती पोपटी मोपेड नवागामात आली. सुरुवातीला गल्लीतले लोक वैतागले, कारण ती मागून कधी येऊन उभी राही, ते कोणाला कळायचं नाही. उषाबाई मग तोंडानंच "सरका, सरका" म्हणत जायची.

पुढची तीन वर्षं उषाबाईच्या आयुष्यातली सगळ्यात बोलकी. सकाळी ती राघोला भेस्तानला सोडायची, तिथून मार्केट, मग घर. पहिल्या दिवसांत दोघांना काय बोलावं ते सुचेना. भाव, पाऊसपाणी, सुषमाची परीक्षा, एवढं बोलून ते थांबायचे. मग एका सकाळी राघो आपणहून सुरू झाला. सुरतेला तो पहिल्यांदा आला तेव्हा गाडीतून चुकून एक स्टेशन आधी उतरला होता, आणि रुळांच्या कडेनं चालत उधन्याला पोचला होता. रात्र एका कोष्ट्याच्या ओट्यावर काढली. त्या कोष्ट्याच्या म्हातारीनं त्याला पोटभर जेवू घातलं, आणि नंतर तिला शोधायला तो गेला तर ते घरच पाडलेलं.

"हे तुम्ही कधी सांगं नही," उषाबाई म्हणाली.

"तू कधी विचारं नही."

तिनं बापाच्या बैलगाडीचं सांगितलं. राघोला त्यातला एकेक बांध, एकेक शेत विचारायचं असायचं. तो सासऱ्याला दोनदाच भेटला होता, पण त्या तीन वर्षांत त्याला सासरा पाठ झाला.

एकदा संध्याकाळी डिंडोलीजवळ बॅटरी खरंच संपली. गाडीवर साड्यांचे गठ्ठे, दोन्ही बाजूंनी दोघं ढकलणारे. येणारे-जाणारे हसत होते. घर येईपर्यंत राघो कारखान्यातल्या मारवाडी शेठच्या चालीची नक्कल करत होता, आणि उषाबाईला हसून हसून गाडी ढकलवेना. सुषमा दारात काळजी करत उभी होती. आईबापाला असं हसताना बघून ती चक्रावलीच.

मग बॅटऱ्या उतरू लागल्या. आधी मार्केटला पोचायच्या आणि परत यायच्या नाहीत, नंतर भेस्तानपर्यंतच. किरीटभाईंनी पत्रं पाठवली, पण ती कंपनीच बंद पडली होती. त्यांनी ट्रकच्या बॅटऱ्या बसवून पाहिल्या, त्याही जमल्या नाहीत. वाल्मिकनं "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही, ही त्याची माणुसकी. पोपटी मोपेड चंचलबेनच्या ओटीखाली उभी राहिली, आणि पेट्रोलची काळी मोपेड घरी आली. ती कधी बंद पडली नाही. मार्केट, देऊळ, भेस्तान, सगळं वेळेत होऊ लागलं.

पण मागून काही ऐकू येईना. उषाबाई बोलायची आणि उत्तर यायचं, "हां हां."

काही दिवस तिनं सोसलं. मग एका सकाळी भेस्तानच्या वाटेवर, जिथे कॅनॉलच्या कडेला बाभळी आहेत आणि कारखाने अजून दूर आहेत, तिथे तिनं गाडी थांबवली आणि चावी फिरवली. इंजिन गप्प झालं.

"काय व्हयनं?" राघोनं विचारलं. "बिघडनी का?"

"नही. बसा जरा."

दोघं कठड्यावर बसले. कॅनॉलच्या पाण्यावर खंड्या येऊन गेला. उषाबाईनं सुषमासाठी आलेल्या मुलाचं सांगितलं. मुलगा अमळनेरचा, वायरमन, आणि सुषमाला तो आवडला आहे.

"पोरगी काय म्हनस, ते माले तिन्हाकडूनच ऐकनं शे," राघो म्हणाला. "उद्या तिले आठेच, ह्या कठड्यावर लई ये."

उषाबाईनं चावी फिरवली, पायडल मारलं. कारखान्याचा भोंगा दुरून वाजत होता. राघो मागे बसला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.