देवीपुढे अमेरिकेचं गाऱ्हाणं

माणगावच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले आणि अख्ख्या दिवेआगरात मान ताठ करून फिरायला लागले. जेमतेम आठवडा टिकलं ते सुख. मग प्राप्तीताईला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला, अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि माझी ढाल कुणाला आठवेनाशी झाली.

आमची आणि दत्तात्रेयकाकांची घरं एकाच सुपारीच्या वाडीत, त्यामुळे तिचं कौतुक मला खिडकीतून फुकट दिसायचं. तिचा जाडजूड कोट आला. तो घालून ती भर मे महिन्यात अंगणात उभी राहिली, तर बायका म्हणे, "काय शोभतंय गो!" मी घातला असता तर अस्वल म्हणाल्या असत्या.

त्यात ती फी निघाली.

"आता ही कसली?" काकांनी विचारलं. "कॉलेजची झाली, व्हिसाची झाली."

"ही वेगळी, बाबा. बाहेरून शिकायला येणाऱ्या मुलांची तिथलं सरकार नोंद ठेवतं. घर बदललं की दहा दिवसांत कळवायचं. परवानगीशिवाय विषय कमी करायचे नाहीत, बाहेर काम करायचं नाही. त्या नोंदीची फी."

"म्हणजे पाळत ते ठेवणार नि पैसं आपण भरायचं?"

"बरंच हाय की," कमळकाकी म्हणाली. "मला तर ही जिवना बंदरावर जाते तरी सांगून जात न्हाय."

काका हसले नाहीत. "हजेरी चोर लावतात पोलिसात. माझी पोरगी न्हाय लावणार. देवीला गाऱ्हाणं घालू. भावकी हो म्हणाली तर भरीन, न्हायतर बॅग परत."

ताईचा चेहरा उतरला. आणि मला, खरं सांगते, आतल्या आत गुदगुल्या झाल्या. त्या पाळतीचाही मला हेवाच वाटत होता! समुद्रापलीकडचं एक अख्खं सरकार विचारणार, प्राप्ती कुठे राहते? मी माणगावला जाऊन आले तरी घरात एवढंच विचारतात, कोथिंबीर आणलीस का?

मंगळवारी सगळी भावकी देवळात जमली. गाऱ्हाणं घालतो रावजी गुरव. तो देवीला एकेक वाक्य सांगतो आणि प्रत्येक वाक्यावर लोक एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पण रावजीचा घसा पार बसलेला. त्याने नारळ हातात धरला आणि मानेनेच माझ्याकडे खूण केली.

"पोरगी घालणार गाऱ्हाणं?" भावकीतले थोरले काळूरामआजोबा बोललेच.

"भाषणात पहिली हाय ना ती?" काकी म्हणाली. "घाल गो सुचिता."

मी पुढे झाले. काय सांगू, माझा आवाज त्या देवळात असा घुमला!

"आई देवी, तुझं लेकरू प्राप्ती अमेरिकेला शिकायला निघालंय!"

"व्हय म्हाराजा!"

"तिथलं सरकार तिची नोंद ठेवणार, घर बदललं तरी विचारणार!"

"व्हय म्हाराजा!"

"बापाला वाटतं, ही चोराची हजेरी!"

"व्हय म्हाराजा!"

मला चढलंच. "मग असल्या ठिकाणी तिनं कशाला जायचं? इथंच राहावं!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने सगळे बोलून गेले. मग एकमेकांकडे बघायला लागले.

"झालं," काका म्हणाले. "देवीसमोर बोलली भावकी."

"अरे, पण आम्ही..." काळूरामआजोबा चाचरले.

"शब्द गेला तो गेला."

ताई रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त. जिंकले होते मी. तिची बॅग परत, कोट परत, सगळे परत माझे. पण ती तशी बघत असताना ते जिंकणं घशाखाली उतरेना. नारळ फुटला की गाऱ्हाणं संपतं, आणि रावजीने तो अजून फोडला नव्हता. म्हणजे गाऱ्हाणं अजून माझ्याच तोंडात होतं.

"आई देवी!" मी इतकी जोरात ओरडले की काका दचकले. "हे भावकी नाही बोलली, मी बोलले! कारण मी जळते हिच्यावर!"

"व्हय म्हाराजा!" काकीचा आवाज सगळ्यांत मोठा.

"हिच्या कोटावर जळते, कॉलेजवर जळते!"

"व्हय म्हाराजा!" आता लोक हसत होते. ताईसुद्धा.

"ही हजेरी चोराची नाही. शाळेत लावतात तशी आहे. हिला जाऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पुढच्या खेपेला मला!"

इथे 'व्हय' जरा पातळ आला, पण आला. रावजीने लगेच नारळ फोडला. काकांनी मान हलवली, खिशातून फोन काढला आणि रेंज शोधत पायऱ्या उतरले. "ये गो प्राप्ती, काय दाबायचं ते सांग." मागोमाग अख्खी भावकी.

मी एकटीच प्रसादाचं खोबरं घेऊन बाहेर आले. सगळे तिच्याभोवती. अजूनही जळत होतेच मी. खोबरं वाटलं आणि तिला मुद्दाम सगळ्यात लहान तुकडा दिला.