एक उभी रेघ

आमच्या दवाखान्यात गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. बी.पी. आहे का, तंबाखू खाता का, अर्धशिशीचा त्रास आहे का, असे नऊ प्रश्न. फॉर्म बघून डॉक्टर मॅडम गोळ्या लिहून देतात. बाहेर द्वारका चौकात गाड्या तुंबतात तशा आत बायका तुंबलेल्या. फॉर्म भरून घेणारी मी एकटी, एकेकीला कुठे विचारत बसणार? ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारायची आणि सही घ्यायची. अकरा वर्षं मी हेच केलं, आणि वर स्वतःला कामसू समजत होते.

अफरीनच्या फॉर्मवरही तीच रेघ आहे. ती माझे ब्लाउज शिवायची. माप घेताना तिनेच एकदा सांगितलं होतं, "ताई, आधी डोळ्यापुढे चमचम होतं, मग अर्धं डोकं असं ठणकतं, की मशीनवर बसवत नाय." अशा बाईला या गोळ्या द्यायच्या नसतात. मला ते पाठ होतं. पण त्या दिवशी ओळखीची म्हणून मी तिला रांगेतून पुढे घेतलं, उपकार केल्यासारखी हसले आणि रेघ मारली.

चौथ्या महिन्यात तिला पक्षाघात झाला. उजवा हात गेला. वय चौतीस.

तिच्या नवऱ्याने, शोएबने, ग्राहक आयोगात दावा लावला. मॅडमच्या वकिलांनी मला एवढंच विचारलं, "प्रश्न विचारले होते ना?" माझी नोकरी, माझ्या मयूरचं कॉलेज, सगळं डोळ्यापुढे आलं. एकेक प्रश्न वाचून दाखवला, असं शपथपत्र मी सही करून दिलं. रुग्णाने आजार लपवला, म्हणून दावा फेटाळला गेला. मॅडमनी पेढे तेवढे वाटले नाहीत.

महिनाभराने धीर करून तिच्या घरी गेले. अपिलाची मुदत संपायला अजून नऊ दिवस होते. ‘मी विचारलंच नव्हतं, शोएबभाई’, एवढं एक वाक्य रस्ताभर घोकत होते.

मशीनवर चादर टाकलेली होती. मी बसते न बसते तोच अफरीन बोलली, एकेक शब्द ओढत. "ताई, लय आठवून पाहिलं. तुम्ही विचारलं असणार. मीच बोलले नाय. माझीच गलती."

शोएब चहा घेऊन आला. "अपील करायला तयारच नाय ही," तो म्हणाला. "आशाताई कशाला खोटं बोलतील, म्हणते."

मी चहा प्याले. तो घशाखाली कसा उतरला, याची आजही लाज वाटते.

निघताना तिने डाव्या हाताने माझ्या खांद्यावरची उसवलेली शिवण चाचपली. "हात असता तर आत्ता टाका घालून दिला असता," ती म्हणाली.

अपिलाची मुदत काल संपली. शिवण अजून तशीच आहे.