किल्ली आत, माणसं बाहेर

मित्रांनो, मी एका मोटारीची किल्ली आहे. ती मोटार आता कुठेच नाही. तिची चाकं, तिचा भोंगा, तिची पोचे आलेली दारं, सगळं केव्हाच भंगारात गेलं. मी तेवढी मागे राहिले. माझ्यासारख्या बोटभर वस्तूची आठवण भंगारवाल्यालाही झाली नाही.

माझा जन्म सांगलीचा. गाडी परदेशी होती, पण तिच्या किल्ल्या आधीच्या मालकाने हरवल्या होत्या. लढाईचे दिवस होते आणि बाहेरून काही येत नव्हतं. विट्याच्या चांदसाहेबांनी भाड्याने चालवायला ती गाडी घेतली, कुलूप काढलं आणि सांगलीच्या एका म्हाताऱ्या कारागिरासमोर आणून ठेवलं. त्याने पितळेची पट्टी शिकंज्यात आवळली आणि कानस चालवायला सुरुवात केली. तो दोन-चार वेळा घासायचा, मला कुलपात घालून बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा. अंगाचा भुगा पडत होता आणि त्यातून माझे दात उमटत होते. शेवटी मी कुलपात सरळ फिरले, तेव्हा म्हातारा खुदकन हसला.

"आता दार बी हिनंच उघडायचं आन् इंजन बी हिनंच चालू करायचं," तो म्हणाला. "जोडीला दुसरी घासून देऊ का? एकीचा काय भरवसा?"

"आज घाई हाय चाचा. फुडच्या खेपंला करू," चांदसाहेब म्हणाले.

पुढची खेप झाली, त्याच्या पुढचीही झाली. दुसरी किल्ली काही झाली नाही.

आमचा रस्ता ठरलेला होता. विटा ते कराड स्टेशन आणि कराड स्टेशन ते विटा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी दूरच्या शहरांत गेलेली माणसं वर्षाकाठी गावाकडे यायची, त्यांना आम्ही आणायचो. मिरजेच्या दवाखान्यात जाणाऱ्या आजाऱ्यांना रेल्वेगाडीपर्यंत पोचवायचो. कधी एखादी नवरी रडत बसायची आणि कडेगावच्या पुढे गेल्यावर हळूच हसायला लागायची. चांदसाहेब मला फडक्याने पुसून ठेवायचे. पण त्यांना एक खोड होती. कुठे उतरले की मला तिथेच, स्टिअरिंगच्या चाकासमोरच्या फळीत अडकवून जायचे. "पाच मिंटात आलोच की," असं म्हणायचे.

आता मी तुम्हाला ज्या दिवसाची गोष्ट सांगणार आहे, तो एकोणीसशे सेहेचाळीस सालच्या चैत्रातला दिवस.

चांदसाहेबांचा लहानपणचा मित्र आकाराम लढाईवरून परत येणार होता. दोघे एकाच तालमीत घुमलेले. आकाराम पलटणीबरोबर आधी आफ्रिकेत गेला, मग इटलीत. तो गेला तेव्हा त्याची बायको चंद्राबाई पोटुशी होती. मुलगी झाली, तिचं नाव बनू ठेवलं. आता बनू पाच वर्षांची होऊन गेली होती आणि तिने बापाला एकदाही पाहिलं नव्हतं.

चांदसाहेबांनी मित्राला आणायला दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. चंद्राबाई आणि बनू मागच्या सीटवर बसल्या. बनू मोटारीत पहिल्यांदाच बसत होती. चांदसाहेबांनी तिला दाराचं हँडल दाखवलं.

"हे असं खाली दाबून ठिवायचं, म्हंजी खड्ड्यात गाडी उडाली तरी दार उघडत न्हाई. कळलं?"

बनूने मान डोलावली आणि दोन्ही बाजूंची हँडलं दाबून टाकली. मग वाटभर तिचे प्रश्न चालू होते.

"आय, बा किती उंच हाय?"

"लय उंच. दारातनं वाकून यावं लागतं त्येला. मांड्या अशा खांबावानी. फडात उतरला की समोरचा गडी आधीच पाय मागं घ्यायचा."

चंद्राबाई हे सांगताना स्वतःच लाजत होती. सहा वर्षं तिने तोच माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता.

कराडला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. रस्त्याच्या धुळीमुळे काचा वर केलेल्या होत्या. एका काचेला तेवढी बोटभर फट होती. मायलेकी गाडीजवळ उभ्या राहिल्या. रेल्वेगाडी आली तसे चांदसाहेब मला फळीतच सोडून, आपलं दार उघडंच टाकून मित्राची ट्रंक घ्यायला धावत गेले.

थोड्या वेळाने ते परतले. त्यांच्याबरोबर एक माणूस लंगडत येत होता. गाल बसलेले, अंगातला खाकी शर्ट ढगळ झालेला आणि कानापासून हनुवटीपर्यंत एक जुनी जखम. चंद्राबाईने त्याला डोळ्यांवरून ओळखलं. तो माणूस बनूसमोर थांबला, खाली बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

बनू किंचाळली. "ह्यो माझा बा न्हाई!"

कुणाला काही कळायच्या आत ती उघड्या दारातून चालकाच्या सीटवर चढली. तिने दार ओढून घेतलं आणि हँडल खाली दाबलं. मग पलीकडे सरकून तिकडचंही दाबलं. मागचं एक दार उघडलंच नव्हतं आणि दुसरं आईने उतरल्यावर हँडल दाबूनच लावलं होतं, आता तीही दोन्ही तिने चाचपून पाहिली. चारही दारं बंद झाली. गाडीत ती आणि मी, बाकी सगळे बाहेर.

चांदसाहेबांचा हात सवयीने खिशात गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. मित्रांनो, एका हाताच्या अंतरावर मी लटकत होते, पण त्यांना माझा काही उपयोग नव्हता.

"बने, उघड दार! माझी बाय गं!" चंद्राबाई काचेवर थापा मारू लागली. जितक्या थापा पडत, तितकी पोर अंग आकसून घेई. ती स्टिअरिंगच्या चाकाखाली जाऊन बसली. तापलेल्या पत्र्याखाली भट्टी झाली होती. तिच्या कपाळावरून घाम गळायला लागला आणि श्वास जोरात चालला. चांदसाहेबांनी फटीतून तार घालून बघितली. तार हँडलापर्यंत गेली, पण ते वर उचलण्याचा जोर तिच्यात नव्हता. मग त्यांनी रस्त्याकडेचा धोंडा उचलला.

"सरा बाजूला. फोडतो काच. पोर मरंल आत!"

आकारामने त्यांचं मनगट धरलं.

"जरा दम धर, गड्या. मला भिऊन दार लावलंय तिनं. काच फोडून आत शिरलो, तर तिचं भ्या खरंच ठरंल की."

"आरं, पर ऊन बघ!"

"बघतुया. मी एक डाव बोलतो. तेवढ्यात न्हाई उघडलं, तर तूच फोड. मी अडवणार न्हाई."

तो फटीपाशी गेला, पण तोंड काचेला लावलं नाही. थोडा दूर उभा राहून, नेहमीच्या आवाजात बोलला.

"बनूबाई, मी तुझा बा हाय असं मी म्हणत न्हाई. कोण हाय, ते तू सावकाशीनं ठरीव. पर आत लय उकडतंय. मी त्या लिंबाखाली जाऊन बसतो. तुझ्या आयला तेवढं दार उघड. तू हाक मारल्याबिगर मी हिकडं येणार न्हाई. शिपायाचा शब्द हाय."

एवढं बोलून तो वळला. चंद्राबाईने हात पुढे केला, तो तसाच राहिला. सहा वर्षांनी आलेला नवरा तिच्यासमोरून पाठमोरा चालला होता. तो लंगडत कडुलिंबाखाली गेला आणि गाडीकडे पाठ करून बसला.

बनू चाकाखालून हळूच वर आली. काचेतून तिने पाहिलं. खरंच तो दूर गेला होता. तिने हँडलाला हात घातला. पण हात घामाने निसटत होते आणि हँडल घट्ट बसलं होतं. तिने पुन्हा ओढलं. ते हललं नाही. आता मात्र ती खरी घाबरली.

"आय, उघडत न्हाई! आय गं!"

"रडू नगंस," चांदसाहेब बाहेरून म्हणाले. त्यांनी धोंडा टाकला होता. "झग्याला हात पूस. आता दोनी हातांनी वर वड. मी भाईरनं दार दाबतो, म्हंजी हलकं व्हईल. हां... वड!"

बनूने डोळे मिटून ओढलं. खटकन आवाज झाला आणि दार उघडलं. आत गार वाऱ्याची एक झुळूक आली. चंद्राबाईने लेकीला उचलून सावलीत नेलं, तिचं तोंड पुसलं आणि तांब्यातलं पाणी पाजलं.

चांदसाहेबांनी मला फळीतून काढून मुठीत आवळलं.

बनूचा जीव जागेवर आला. तिने लिंबाकडे पाहिलं. तो माणूस अजून पाठ करून बसला होता.

"त्यो का येत न्हाई?" तिने विचारलं.

"तू हाक मारली न्हाईस म्हणून," चंद्राबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनेही हाक मारली नव्हती. शब्द लेकीला दिलेला होता.

बनू विचारात पडली. या माणसाला हाक तरी काय मारायची? मग घरी कुणी आलं की मोठी माणसं कशी बोलतात, ते तिला आठवलं. ती पुढे झाली आणि खणखणीत आवाजात ओरडली,

"ओ पावनं! चला, गाडी सुटतीया!"

आकाराम उठला. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता, ते मला इतक्या दुरून कळलं नाही. तो आला आणि गुपचूप पुढच्या सीटवर बसला. वाटेत मागून एक प्रश्न आला, "पावनं, पायाला काय झालं?" आणि तो उत्तर देऊ लागला. विटा येईपर्यंत प्रश्न संपले नाहीत.

मित्रांनो, 'बा' ही हाक लगेच आली नाही. पावसाळाभर ती त्याला 'पावनं'च म्हणत होती आणि आकाराम त्या हाकेलाही ओ देत होता. दसऱ्याच्या सुमारास तो एकदा आमच्या गाडीशी उभा राहून चांदसाहेबांना म्हणाला, "सकाळी भाकरी घिऊन रानात आली आन् बांधावरनं 'बा' म्हणून वरडली, गड्या." एवढंच सांगून तो बैलांकडे निघून गेला.

त्या चैत्रातल्या खेपेनंतर चांदसाहेब पहिलं काम म्हणून सांगलीला गेले. कारागिराने शिकंजा उघडला आणि मला बहीण मिळाली. ती चांदसाहेबांच्या गळ्यातल्या ताईताच्या दोऱ्यात राहायची. आणि मला खिशात घातल्याशिवाय त्यांनी पुन्हा कधी दार लावलं नाही. लेकरं गाडीत बसली की दार कसं लावायचं हे सांगण्याआधी ते कसं उघडायचं, हे त्यांच्याकडून करवून घेत. पुढे त्यांची नजर मंदावली, गाडी विकली गेली, माझ्या बहिणीचा ठावठिकाणा राहिला नाही. मी एका डब्यात खिळ्यांबरोबर पडून आहे. माझे दात झिजले आहेत. आता मी कोणतंच कुलूप उघडू शकत नाही.

म्हणून बोलून घेते. गाडीतून उतरताना घाई करू नका. किल्ली हातात आहे ना, हे डोळ्यांनी बघा, मगच दार लावा. दुसरी किल्ली आजच करून घ्या आणि ती घरात जपून ठेवू नका, बरोबरच्या माणसाच्या अंगावर असू द्या. लहान लेकराला बंद गाडीत क्षणभरही एकटं सोडू नका. आणि एवढं करूनही कधी एखादं घाबरलेलं पोर आतून दार लावून बसलंच, तर हातात दगड तयार ठेवा, पण आधी दोन पावलं मागे सरून त्याच्याशी बोला.