मोकळी दशी

मी एक जुनी घोंगडी आहे. मित्रांनो, माझ्या जातीचं नाव तुम्ही बहुधा एखादं काम रखडलं की घेता. "भिजत घोंगडं पडलंय," असं म्हणता. आता काम रखडतं तुमच्यामुळं आणि नाव आमचं खराब होतं, पण ते जाऊ द्या. दुसरी तक्रार मी टोचते अशी असते. ती मात्र खरी आहे. मला हात नाहीत, जीभ नाही. मला येतं ते टोचणं एवढंच.

भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो आणि अलीकडे दौंड. अलीकडच्या माळावर धनगरांची एक लहानशी वस्ती होती. तिथल्या तात्याबाच्या मेंढरांची मी लोकर. मेंढरं नदीत धुवून कातरली, तात्याबाच्या बायकोनं, गिताबाईनं, लोकर पिंजून चातीवर, म्हणजे टकळीवर, सूत काढलं आणि ते गाठोडं घेऊन दोघं शिरूरला हौशीराम सणगराकडं गेली. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. हौशीरामनं एकाच ताण्यावर दोन घोंगड्या विणल्या, एक मी आणि एक माझी बहीण. चिंचोक्याची खळ लावून त्यानं आम्हाला ताठ केलं आणि मग मधोमध कापलं. काठाला जे धागे मोकळे सुटतात त्यांना दशा म्हणतात. माझ्या एका काठाच्या दशा आणि तिच्या एका काठाच्या दशा आधी एकच होत्या. आमच्या काळ्या रंगात कोपऱ्याला एक पांढरा धागा आला होता, तोसुद्धा अर्धा तिच्याकडं गेला, अर्धा माझ्याकडं राहिला.

बहीण तात्याबाच्या खांद्यावर गेली. मी घरी राहिले, कारण श्रावणात गिताबाईला मुलगी झाली होती. तिचं नाव कुशी. मला धुऊन, उन्हात तापवून, वर जुन्या लुगड्याची घडी घालून त्यावर तिला निजवलं. तरी ती पहिल्या दिवशी रडली. मी टोचले होते.

दसरा झाला की तात्याबा मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि कोकणाच्या अंगाला जायचा. परत यायचा तो पावसाच्या तोंडावर, जेठ महिन्यात. बाकीच्या बायका बरोबर जात, पण त्या वर्षापासून तान्ही पोर आणि डोळ्यांनी अधू झालेली सासू बयाबाई यांच्यासाठी गिताबाई मागं राहू लागली. निघायच्या दिवशी तात्याबा कुशीजवळ बसून राहिला. मेंढरं पुढं गेली तरी उठेना.

"मी येस्तवर ही रांगाय लागंल," तो म्हणाला. "मला ह्यातलं काय बी बघाय मिळायचं न्हाई."

"मी समदं ध्यानात ठेवीन," गिताबाई म्हणाली. "तुमी आलासा की सांगीन."

"आठ म्हैन्याचं ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

गिताबाईच्या वडलांची एक रीत होती. कोणती मेंढी कधी व्याली हे लक्षात राहावं म्हणून ते लोकरीच्या दोरीला गाठी मारत. पांढरं कोकरू झालं की गाठीत पांढरी लोकर, जुळं झालं की दोन गाठी शेजारी शेजारी. वर्षाच्या शेवटी ते डोळे मिटून दोरीवरून बोटं फिरवत आणि सगळ्या कळपाची हकिगत सांगत. गिताबाईला अक्षर येत नव्हतं, पण ही रीत येत होती. तात्याबा दिसेनासा झाला तशी तिनं माझ्या दशा हातात घेतल्या.

कुशी पालथी पडली त्या दिवशी पहिली गाठ बसली. बसायला लागली तेव्हा दोन दशा पिळून एक जाड गाठ. पहिला दात दिसला तेव्हा गाठीत एक जोंधळ्याचा दाणा बांधला. खांबाला धरून उभी राहिली त्याची गाठ गिताबाईनं दशीच्या अगदी वरच्या टोकाला मारली. ताप येऊन उतरला त्याचीही एक आहे, कडुनिंबाची काडी घालून. मित्रांनो, त्या गाठी बसताना मला ओढ लागायची, तरी मला त्या हव्याशा वाटायच्या. वस्तीवर घोंगड्या पुष्कळ होत्या. पण माझ्यावर नुसतं निजत नव्हते, माझ्यावर एक पोर लिहिली जात होती.

जेठात तात्याबा आला. हात-पाय धुवून सरळ माझ्यावर येऊन बसला आणि दशांवरून बोटं फिरवू लागला.

"ह्यो काय?"

"दात. जुंधळा लागतोय न्हवं बोटाला?"

"आन् ही वरली?"

"उभी ऱ्हायली तवाची."

तो एकेका गाठीशी थांबायचा, पुन्हा मागं जायचा, पुन्हा विचारायचा. कुशी त्याला परका समजून आधी बयाबाईच्या मागं लपली होती. गाठी संपेपर्यंत ती त्याच्या मांडीवर आली होती.

तो पावसाळा आमच्या घरासाठी सोन्याचा होता. माझी बहीण दाराजवळच्या खुंटीवर असायची आणि मी खाली. कुशीचं पहिलं पाऊल भादव्यात तात्याबाच्या डोळ्यांदेखत पडलं. रोज सकाळी तो बहिणीची खोळ करून डोक्यावर घ्यायचा, कुशीला खांद्यावर बसवायचा आणि माळावर जायचा. संध्याकाळी मेंढरं परतवताना तो हाक घालायचा, "हुर्र्र... यो... ओ." शेवटचा सूर वर चढवून तो एकदम तोडायचा. प्रत्येक मेंढपाळाची हाक निराळी असते आणि मेंढरं आपल्याच धन्याच्या हाकेला वळतात. ती हाक घालताना कुशी त्याच्या कानाशी असे.

दसऱ्याला निघताना त्यानं माझी कोपऱ्यातली पांढरी दशी बोटात धरली. "ही बोलण्यासाठनं ठेव. पैला शबुद हितं बांध. मी आलो की पैली हीच बघीन."

"पैला शबुद आबाच आसंल," गिताबाई म्हणाली.

बहीण खुंटीवरून उतरली आणि गेली. खुंटी रिकामी राहिली. त्या खुंटीकडं मी आठ महिने पाहत होते.

गिताबाईनं जिद्द धरली. जात्यावर बसली की, भाकरी थापताना, केस विंचरताना तिचं एकच, "कुशे, आबा म्हण. आबा." कुशी हसायची. सांगितलं ते सगळं तिला कळायचं. "तांब्या आण" म्हटलं की तांब्या आणायची. हवं ते बोटानं दाखवायची. पण बोलायची नाही. शेजारच्या झुंबरबाईचा नातू तिच्याहून धाकटा, तो चुरुचुरु बोलायला लागला. बयाबाई रोज वेखंड उगाळून मधातून तिच्या जिभेला लावू लागली. झुंबरबाई एकदा उंबऱ्यात बसून म्हणाली, "गिता, पोर मुकं तर न्हाई न्हवं?" गिताबाई चुलीकडं वळली. त्या दिवशी भाकरी करपल्या.

आता मला ठाऊक असलेली गोष्ट सांगते. पौषातली सकाळ होती. मला अंगणात उन्हात पसरलं होतं आणि कुशी माझ्यावर बसली होती. ती उठली, दारापर्यंत गेली, आत रिकाम्या खुंटीकडं बोट केलं आणि म्हणाली, "हुर्र्र... यो... ओ." शेवटचा सूर चढवून तिनं एकदम तोडला. मग बाहेर येऊन तात्याबा गेला त्या वाटेकडं तोंड करून पुन्हा तेच.

घरी लंगड्या मेंढ्या आणि चार कोकरं ठेवलेली होती. पण ती तर वाघरीत, म्हणजे सुताच्या जाळ्याच्या कुंपणात, आधीच कोंडलेली होती. मेंढरं आत असताना पोर कुणाला हाक मारते आहे, हे कुणी विचारलं नाही. गिताबाईनं ऐकलं, कौतुकानं हसली आणि शेण गोळा करायला गेली. धनगराच्या घरात मेंढरांना घातलेली हाक हे बोलणं थोडंच धरतात? तिथली सगळीच पोरं ओरडतात. ती शब्दाची वाट पाहत होती.

मी काय करणार? ती मला उचलायला आली तेव्हा मी सगळा जीव गोळा करून तिच्या दंडाला टोचले. तिनं दंड खाजवला. "लई टोचती ही," म्हणाली आणि माझी घडी घातली.

त्यानंतर कुशी रोज संध्याकाळी वाटेकडं तोंड करून हाक मारायची. पांढरी दशी मोकळीच राहिली. जेठ जवळ आला तशी गिताबाईची झोप उडाली. तात्याबा येईल, पहिली तीच दशी हातात घेईल आणि ती कोरी असेल. तिला त्याच्या तोंडाकडं बघण्याचीच भीती वाटत होती.

तो आला तेव्हा दिवस कलला होता. नदीच्या अंगानं त्याची हाक आली. माझ्यावर खेळत बसलेली कुशी ताडकन उभी राहिली आणि तिनं त्या हाकेला हाक दिली. सूर तोच, तोडणं तेच. पलीकडून पुन्हा हाक. हिची पुन्हा. असं करत करत तात्याबा दारात आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कवापासनं हाक मारती ही मला?"

गिताबाई जागच्या जागी उभी होती. "रोज मारती. सांजच्याला," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, मेंढरास्नी हाकारती."

मग ती खाली बसली आणि पांढरी दशी मुठीत धरून रडली. "तुमी लांब व्हता, तुमाला घावलं न्हाई ते ठीक. मी तर हितंच व्हते वो. कंचा दिस व्हता त्यो, मला आठवंना."

मला आठवत होता. तो दिवस माझ्या अंगावरच उजाडला होता.

तिनं आता तरी गाठ मारावी म्हणून दशी पुढं केली, तर तात्याबानं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे मोकळी. आत्ता कुठं बोलाय लागली. उलीशी गाठ मारून संपवती व्हय?"

आणि खरंच, आषाढात "आबा" आलं, "आई" आलं, श्रावणात तर कुशीचं तोंड मिटेना. झुंबरबाईच म्हणायला लागली, "आता हिला वेखंड नगं, कुलूप लावा."

मित्रांनो, पुढची वर्षं भरभर गेली. कुशीच्या पाठीवर दोन भावंडं झाली, त्यांच्याही गाठी बसल्या. मग दौंडच्या बाजारातून गिरणीची मऊ चादर आली आणि मुलं तिच्यात निजू लागली. मला कणगीवर टाकलं. वरून उंदीर धावत. गिताबाई मात्र सणासुदीला खाली काढून ऊन दाखवायची आणि दशांवरून एकदा बोटं फिरवायची. तेवढ्यावर मी वर्ष काढत असे.

कुशी आठ-नऊ वर्षांची झाली त्या वर्षी जेठात हाक आली नाही. संध्याकाळी तात्याबाचा चुलतभाऊ आण्णा एकटा वस्तीवर आला. त्याच्या हातात माझी बहीण होती, घडी घातलेली. घडी बघूनच मला कळलं. तात्याबानं तिची कधी घडी घातली नव्हती.

"वैनी, घाट चढताना ताप भरला," आण्णा म्हणाला. "तिसऱ्या दिशी गेला. तितंच समदं केलं." मग नदीकडं बोट करून म्हणाला, "मेंढरं नदीच्या आंगाला हाईत. माझ्या हाकंला येत न्हाईत. वाटंत लई फाकली."

वस्तीवरची माणसं गेली, ओरडली, काठ्या आपटल्या. मेंढरं पाण्याच्या कडेला घोळका करून उभी होती आणि आभाळ भरून आलं होतं. नदीला पाणी आलं असतं तर घरादाराचं पोट वाहून गेलं असतं. गिताबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

कुशीनं आण्णाच्या हातातली माझी बहीण घेतली, तिची खोळ केली आणि डोक्यावर घेतली. ती पोरीच्या पायात येत होती. अंगणात जाऊन तिनं नदीकडं तोंड केलं. "हुर्र्र... यो... ओ."

गिताबाई झटकन उठून उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. एवढ्याशा वेळापुरतं तिला वाटलं की तो आला.

मेंढरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी माना वर केल्या, पुढची एक वळली आणि तिच्या मागं सगळा कळप वस्तीकडं चालत आला. कुशी हाक घालत होती, रडत होती आणि सूर तोडायला चुकत नव्हती. एकही मेंढरू मागं राहिलं नाही.

वाघरीचं तोंड बांधून झाल्यावर गिताबाईनं मला कणगीवरून खाली काढलं आणि बहिणीला माझ्याशेजारी पसरलं. इतक्या वर्षांनी आम्ही एकमेकींना लागलो. तिला समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याचा वास होता आणि त्याचाही. गिताबाईनं माझ्या कोपऱ्यातली पांढरी दशी शोधली, तिच्या कोपऱ्यातली पांढरी दशी शोधली आणि हौशीरामनं आम्हाला जिथं कापलं होतं तिथं दोन्हींची गाठ मारली. ती माझ्या अंगावरची शेवटची गाठ.

कुशी पुढं लग्न होऊन घोडनदीच्या काठच्या एका गावी गेली. जाताना तिनं भांडी मागितली नाहीत, आम्हा दोघींना मागितलं. आता तिचा तान्हा मुलगा माझ्यावर रांगतो आणि गाठी तोंडात घालतो. जोंधळ्याचा दाणा कधीच किडून गेला, पण गाठ पक्की आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात बोबडं बाळ असेल तर ते कोणता शब्द बोलत नाही हे मोजत बसू नका; ते काय बोलतं आहे तिकडं कान द्या. पहिला दिवस परत येत नाही, मी त्याची साक्षीदार आहे. आणि कुठं कोपऱ्यात एखादी जुनी घोंगडी पडली असेल, तर तिला ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला घाला, तिच्या दशा कापू नका. ती दंडाला टोचली, तर नुसतं खाजवून उठून जाऊ नका. जरा आजूबाजूला बघा, कुणीतरी तुम्हाला हाक मारत असेल.